प्रेमिलाच्या हातची भुकटी

प्रेमिला रामटेकेच्या प्रत्येक साडीला भोकं होती. ॲसिडचा एक थेंब पडला की पहिल्या धुण्यात तिथलं सूत विरून जातं, आणि तीन वर्षं रोज सकाळी साडेआठपासून ॲसिडाशी खेळणाऱ्या बाईच्या अंगावर दुसरं काय दिसणार? तिच्या आईला, भीमाबाईला, हे मुळीच पटत नसे. नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात पदराला ठिगळ लावता लावता ती म्हणायची, "एम.एस्सी. झाली, आता काय करून राहिली वं तिथं?"

"माती भाजते."

"माती तर कुंभारही भाजते. त्याले कोनी डॉक्टर म्हनत नाई."

गिरणीत बत्तीस वर्षं काढलेले तिचे वडील रुपराव कोपऱ्यातून हसायचे. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी सहा वर्षांच्या प्रेमिलाला खांद्यावर घेऊन ते गर्दीत उभे होते, आणि आता पोरगी डॉक्टर होणार हे त्यांनी गिरणीतल्या सगळ्या खात्यांना सांगून ठेवलं होतं. कोणत्या रोगाची, असं कोणी विचारलं तर ते विषय बदलत.

ती करत होती ते काम कुंभाराच्या कामापासून फार लांब नव्हतंच. एरंडेल रंगात वापरायचं असेल तर आधी त्याला वाळायची सवय लावावी लागते. तसंच काचेवर फासलं तर सहा महिने चिकट राहील. त्याच्या रेणूतलं पाणी काढून टाकलं की तेल हवेत वाळून कडक पापुद्रा धरतं, आणि रंगवाल्यांना तेच हवं असतं. हे पाणी काढायला कामठी रोडवरचा एक कारखाना गंधकाचं तेजाब वापरायचा. काम झालं की तेजाब धुऊन काढायचं आणि ते धुणं मागच्या नाल्यात सोडायचं. नाल्याचं काय झालं आणि धुणाऱ्या मजुरांच्या हातांचं काय झालं, ते कारखान्याच्या कोणत्याही कागदावर नव्हतं.

विद्यापीठातल्या रसायनशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. मधुसूदन साल्पेकर यांनी कारखान्याला सांगितलं होतं की आम्ही तुम्हाला घन आम्ल देऊ. आम्ल, पण पांढऱ्या भुकटीच्या रूपात. तेलात टाका, तापवा, गाळून घ्या, पुन्हा वापरा. धुणं नाही, नाला नाही. सांगितलं साल्पेकरांनी, करायचं होतं प्रेमिलाने.

सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांचा दह्यासारखा गोळा जमवायचा, तो मुरू द्यायचा, मग धुवायचा, वाळवायचा आणि पाचशे अंशांवर भाजायचा. भाजून उरते ती भुकटी आतून पोकळ असते, सगळी छिद्रंच छिद्रं. चिमूटभर भुकटीच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर एक मोठी खोली भरेल, आणि त्या भिंतींवर जागोजाग आम्लाची ठिकाणं. खरी कारागिरी छिद्रांच्या मापात. एरंडेलाचा रेणू बोजड, तीन लांब शेपट्यांचा. भोक अरुंद ठेवलं तर तो दारातच अडकतो. भोक फार रुंद केलं तर भिंती कमी, म्हणजे आम्लाच्या जागा कमी. प्रेमिलाने दोन उन्हाळे घालवून शोधून काढलं की हे माप मुरवण्यावर ठरतं. नागपूरच्या मे महिन्यात चौदा तास पुरे, जानेवारीत तीस लागतात. हे कोणत्या पुस्तकात नव्हतं, कारण पुस्तकं लिहिणारे मे महिन्यात नागपुरात आलेले नव्हते.

धुण्याचं काम सगळ्यात कंटाळवाणं. गोळ्यात सोडियम राहिलं तर ते आम्लाच्या जागेवर बसून ती मारून टाकतं. म्हणून आधी अमोनियाच्या क्षाराने आणि नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने, अठरा-अठरा वेळा. प्रेमिला धुवायची. लगदा चिनी मातीच्या नरसाळ्यात ठेवायची, त्याला आपल्या नावाची चिठ्ठी बांधायची आणि संध्याकाळी घरी जायची. पुढचं काम भैय्याजीचं. भट्टीच्या खोलीची किल्ली विभागात एकट्या भैय्याजीकडे असे. तो बावीस वर्षांच्या नोकरीचा प्रयोगशाळा सहायक होता. सकाळी सातला येऊन रात्रभर निथळलेला लगदा वाळवायचा आणि भट्टीत लावायचा.

आणि प्रेमिलाच्या बॅचा फसायच्या.

सगळ्या नाही, हेच तर डोकं उठवणारं होतं. भैय्याजी रजेवर असताना तिने स्वतः किल्ली मागून भाजलेल्या चार बॅचा उत्तम निघाल्या. भुकटीवर आम्ल ओळखणाऱ्या सूचकाचे दोन थेंब टाकले की लालभडक. बाकी सव्वीस बॅचा आजारी माणसाच्या जिभेसारख्या पिवळट, मधेच कुठे गुलाबी झाक. त्यांनी शिजवलेलं तेल काचपट्ट्यांवर फासून ती खिडकीत ठेवायची. आठवडा झाला तरी बोटाला चिकटायचं. धूळ बसायची, माश्या बसायच्या आणि तिथेच मरायच्या.

शेजारच्या टेबलावर कृष्णकांत देशकर तिच्याच कृतीने, तिच्याच वहीतून उतरवून घेऊन, तीच भुकटी बनवायचा. त्याची प्रत्येक बॅच लाल.

साल्पेकर एक दिवस त्या खिडकीपाशी थांबले. एका काचेला बोट लावलं, रुमालाला पुसलं. "मिस रामटेके," ते म्हणाले, "कृती तुमची, आणि यश देशकरांना. काही लोकांच्या हाताला यश नसतं. त्यात तुमचा दोष नाही."

दोष नाही म्हणाले तोंडाने. लिहिताना मात्र लिहिला. दिल्लीच्या ज्या कार्यालयाकडून तिला शिष्यवृत्ती मिळायची तिथे दर वर्षी प्रगतीचा अहवाल जात असे. शहात्तरच्या अहवालात साल्पेकरांनी शेरा मारला: 'उमेदवार बुद्धिमान, परंतु हातकामात निष्काळजी. परिणामांवर विसंबता येत नाही.' अहवाल टाइप करणाऱ्या इंदूबाईने तो तिला दाखवला. दाखवायचा नसतो. इंदूबाई म्हणाली, "मी टाइप करून राहिली अन् तुले माहीत नाई, हे मले बरं नाई वाटलं."

हातकामात निष्काळजी. अठरा वेळा धुणारी बाई निष्काळजी. शास्त्रात एकदा असा शेरा बसला की माणूस संपतो. त्याने उद्या काही शोधलं तरी लोक आधी शेरा वाचतात. प्रेमिलाला शिष्यवृत्तीची काळजी होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट ही, की तो शेरा खरा असेल तर तिने शोधलेली छिद्रांची मापं, मे महिन्याचे चौदा तास, सगळं खोटं ठरत होतं. तिला शेरा खोडून हवा होता. लेखी.

मग तिने रसायनशास्त्रज्ञाने करायला हवं तेच केलं. कृष्णकांतला म्हणाली, "आज एक कर. तुझ्या लगद्याला माझी चिठ्ठी बांध, माझ्या लगद्याला तुझी."

कृष्णकांतने चष्मा काढून पुसला. "कशाला?"

"माझ्या हाताला यश नाही ना. बघू, हाताला नाही की नावाला."

"असले पोरखेळ कशाला करतेस, प्रेमिला?"

"तुझं काय जातं?"

त्याचं काही जात नव्हतं. दोघांनी चिठ्ठ्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीतून निघालेल्या दोन्ही वाट्या तिने टेबलावर ठेवल्या आणि त्यांत सूचकाचे थेंब टाकले. कृष्णकांतच्या नावाची, पण तिने बनवलेली भुकटी लाल झाली. तिच्या नावाची, पण कृष्णकांतने बनवलेली, पिवळीच राहिली.

प्रेमिलाने दोन्ही वाट्या जवळ ओढून बघितल्या. मग कृष्णकांतकडे बघितलं. तो वाट्यांकडे बघतच नव्हता.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मला वाटलं, तुलाही ठाऊक आहे."

"काय?"

"भैय्याजी तुझा माल पाण्यातून काढतो ते. मी सातला येतो कधीकधी, तेव्हा बघितलंय." तो गडबडीने म्हणाला, "अगं, मला वाटलं तू चालवून घेतेस. उगाच विषय कशाला काढायचा, म्हणून..."

दीड वर्ष. दीड वर्ष हा माणूस तिच्या वहीतून कृती उतरवून घेत होता, तिच्या चिकट काचा बघत होता, तिच्या डब्यातली भाकर खात होता, त्याबद्दल स्वतःचं कौतुकही करून घेत होता, आणि एवढं एक वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही. असल्या सभ्यपणाला काय म्हणावं? त्याला भांडण नको होतं. भांडण नकोच असतं ज्याची बॅच लाल निघते त्याला.

पाण्यातून काढणं म्हणजे काय हे इंदोऱ्यातल्या मुलीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेत तिने परत केलेली पाटी मास्तर आधी पाण्यातून काढायचे आणि मग हातात घ्यायचे. पण ते आजीच्या गावाकडच्या शाळेत, ती सहा वर्षांची असताना, दीक्षेच्या आधी. इथे भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता होता.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला ती घरून निघाली. भैय्याजी आला, त्याने भट्टीच्या खोलीचं कुलूप काढलं, आवारातल्या विहिरीचं पाणी तांब्यात आणलं. चिठ्ठ्या वाचल्या. प्रेमिलाच्या चिठ्ठीच्या नरसाळ्यावर अख्खा तांब्या हळूहळू, गोल फिरवत रिकामा केला, पाणी निथळू दिलं, मग लगदा उचलला. अगदी निगुतीने. निष्काळजीपणा त्यात नावालाही नव्हता.

"भैय्याजी, हे काय करून राहिले?"

तो दचकला नाही. चोरी करतोय असं त्याला वाटतच नव्हतं तर दचकेल कशाला? "काई नाई, बाई. पाण्यातून काढतो."

"काहून?"

"आता काहून म्हनता..." तो संकोचून हसला. हा माणूस वाईट नव्हता, आणि त्याचाच जास्त राग येतो. आपल्या काटोलच्या शेतातली संत्री तो तिला आणून द्यायचा, वरून ओंजळीत सोडायचा. तिचा बाप आजारी होता तेव्हा चौकशी करायचा. "मले लगदा हातानं उचला लागते. अन् मग त्याच हातानं डबा खातो मी. तुमाले वाईट वाटू नये म्हनून सकाळीच करून घेतो, तुमी यायच्या आंधी."

"डिस्टिल्ड वॉटर ठेवलंय की तिथं. तेच का नाही घेत?"

"ते मेलेलं पानी, बाई. उकळून उकळून मेलेलं. त्यानं शुद्ध होते का कधी?"

प्रेमिला तिथल्या स्टुलावर बसली. नागपूरच्या काळ्या दगडातली विहीर; चुन्याने गच्च पाणी, त्यात डाळ शिजत नाही. ते लगद्यावर ओतलं की पाण्यातला चुना आम्लाच्या एकेका जागेवर जाऊन बसणार. तिने नंतर मोजून काढलं. लिटरभराच्या एका तांब्यात इतका चुना होता की पन्नास ग्रॅमच्या बॅचमधल्या तीनातल्या दोन जागा मरून जाव्यात. अठरा वेळा धुऊन तिने जे काढलं होतं ते हा भला माणूस एका तांब्यात परत घालत होता, शुद्ध करण्यासाठी.

"भैय्याजी," ती म्हणाली, "परवाच्या दिवशी चिठ्ठ्या बदलल्या होत्या आमी. तुमी पाण्यातून काढला तो देशकरांचा लगदा होता. माझा तुमी तसाच उचलला. काल डबा खाल्ला ना?"

भैय्याजीच्या हातातला तांब्या खाली आला. त्याने नरसाळ्यांकडे बघितलं. मग विचारलं, "कोनचा? डाव्या हाताकडचा का उजव्या?"

ह्याला आता हात धुवायचा की काय, दुसऱ्या दिवशी? प्रेमिला उठून बाहेर आली. आत राहिली असती तर तिच्या हातून खरोखरच निष्काळजीपणा घडला असता.

साल्पेकरांना तिने सगळं सांगितलं. दोन वाट्या दाखवल्या, विहिरीच्या पाण्याचं मोजमाप दाखवलं. ते हुशार होते. दोन मिनिटांत समजले आणि तिसऱ्या मिनिटाला खूश झाले. "पण हे तर फारच सुंदर आहे, मिस रामटेके. चुन्यामुळे आम्लाच्या जागा कशा मरतात, यावर अख्खं प्रकरण होईल तुमच्या प्रबंधात. सव्वीस बॅचा आयत्या तयार आहेत."

"शेरा, सर."

"कोणता? हो, तो. कळवू ना आपण. धुण्याच्या पाण्यात चूक झाली, अपघात झाला."

"अपघात सव्वीस वेळा होत नाही. आणि एकट्या माझ्याच मालाला होत नाही."

"मग भैय्याजीची चौकशी लावतो. निलंबित करतो त्याला, झालं?"

हे ऐकून प्रेमिला खरी चिडली. दीड वर्षात हे गृहस्थ एकदाही भट्टीच्या खोलीत डोकावले नव्हते. तिच्या हाताबद्दल दिल्लीला लिहिताना पन्नास पावलं चालून बघावं असं त्यांना वाटलं नव्हतं. आता शेपूट अडकलं तर बावीस वर्षांच्या नोकराला पुढे करत होते. "भैय्याजीनं काय केलं ते लिहा," ती म्हणाली, "का केलं ते लिहा, आणि तुम्ही चौकशी न करता शेरा मारला हेही लिहा. त्याला घरी पाठवून माझा शेरा पुसला जात नाही."

"का केलं ते इंग्रजीत कसं लिहिणार?"

"अनटचेबिलिटी. राज्यघटनेतला शब्द आहे."

साल्पेकरांनी दार लोटून घेतलं. "अहो, तो गुन्हा आहे. पोलीस येतील. विभागाचं नाव जाईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कंटॅमिनेशन लिहू."

"ते वाचून लोक समजतील की घाण माझ्यामुळे झाली."

अर्धा तास हे चाललं. दाराबाहेर टाइपरायटरपाशी इंदूबाई बोटं उचलून बसली होती. शेवटी साल्पेकर म्हणाले, मूळ मराठी शब्दच घालू, रोमन लिपीत. अर्थ कळणाऱ्याला कळेल. प्रेमिला थकली होती आणि शब्द निदान खरा होता. तिने होकार दिला. इंदूबाईने टाइप केलं: 'रामटेके यांच्या बॅचा दर वेळी, विटाळ वाटल्यामुळे, दुसऱ्यांदा धुण्यात आल्या.' विटाळ, रोमन लिपीत: व्ही, आय, टी, ए, एल. पत्र गेलं.

सात आठवड्यांनी दिल्लीचं उत्तर आलं. साल्पेकरांनी तिला बोलावून ते पुढे सरकवलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू मावत नव्हतं. दिल्लीतल्या कोणा साहेबाने ती पाच अक्षरं इंग्रजी म्हणून वाचली होती. व्हायटल, म्हणजे अत्यावश्यक. समितीने नोंद घेतली होती की दुसरं धुणं विभागाला अत्यावश्यक वाटतं. उमेदवाराने ते प्रमाणित कृतीत कायमचं समाविष्ट करावं आणि कारखान्यालाही तसंच कळवण्यात यावं. निष्काळजीपणाचा शेरा तूर्त कायम.

"काय गंमत आहे बघा," साल्पेकर म्हणाले.

प्रेमिला हसली नाही. हसण्यासारखं त्यात साल्पेकरांना होतं, कृष्णकांतला होतं, पुढे विभागाच्या चहाच्या टेबलावर ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगून लोक पोट धरून हसायचे. जिच्यावर शेरा होता तिला काय त्याचं? तिच्या जातीवरून ओतलेलं पाणी आता सरकारी शिक्क्याने शास्त्र झालं होतं.

"सर, कारखान्याला कळवायचं का मग?" तिने शांतपणे विचारलं. "विहिरीच्या पाण्याने धुवा म्हणून? तुमच्या सहीने जाईल ते. पहिल्याच घाण्यात दोन टन तेल चिकट राहील."

साल्पेकरांचं हसू मावळलं. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. कारखान्याशी करार त्यांच्या नावावर होता, पेटंटच्या अर्जात त्यांचं नाव पहिलं होतं.

तिने पिशवीतून कागद काढले. इंदूबाईने ते सकाळीच टाइप केले होते, दिल्लीचा लखोटा तिच्याच हातून फुटला होता ना. घटनेतला तो लांबलचक शब्द तिने शब्दकोश उघडून, अक्षर न् अक्षर तपासून घातला होता. खाली स्वच्छ वाक्य होतं: 'मी भट्टीच्या खोलीत जाऊन खात्री न करता उमेदवाराच्या हातकामावर शेरा लिहिला. तो मागे घेत आहे.'

साल्पेकरांनी दोनदा वाचलं. "हे वाक्य जरा सौम्य करता येईल."

"नाही येणार."

"तुम्हाला माझ्याच हाताखाली प्रबंध द्यायचाय, विसरू नका."

"विसरले नाही, सर. म्हणून तर तुमच्यापुढे घेऊन आले. दिल्लीला थेटही पाठवता आलं असतं, नुसत्या माझ्या सहीचं. भट्टीच्या खोलीत मी काय पाहिलं ते लिहायला मला कोणाची परवानगी लागत नाही."

बाहेर इंदूबाईचा टाइपरायटर थांबलेला होता. साल्पेकरांनी पेन उचललं. त्यांना पश्चात्ताप झाला असं कोणी समजू नये. त्यांना दोन टन चिकट तेल दिसत होतं. कारण काही का असेना, सही झाली, वळणदार, नेहमीसारखी. ते कागद परत देऊ लागले.

प्रेमिलाने घेतले नाहीत. "खालच्या दोन प्रतींवर कार्बनची उमटलीय," ती म्हणाली. "त्यांच्यावरही शाईनं करा."